स्कोपवर बबल लेव्हल घेऊ का? आधी ओळंबा लावून बघा

प्रश्न असा आला आहे: “माझ्याकडे .१७७ ची पीसीपी एअर रायफल (दाबाने भरलेल्या हवेवर ०.१७७ इंची पेलेट, म्हणजे छोटी गोळी, मारणारी) आहे, वर ६-२४ स्कोप (६ ते २४ पट मोठं दाखवणारी दुर्बीण). २५ मीटरला झिरो केलंय (नेम आणि पेलेट एका जागी जुळवलेत) आणि तिथे पाच पेलेट जवळजवळ एकाच भोकात जातात. ५० मीटरसाठी स्कोपच्या टरेटवर (नेम सरकवणाऱ्या चकतीवर) क्लिक वाढवून मारलं की ग्रुप (पेलेटच्या भोकांचा पुंजका) उजवीकडे सेंटिमीटरभर सरकतो, सकाळी वारा अजिबात नसतानाही. तिथे डावीकडे क्लिक देऊन बरोबर केलं तर २५ ला बिघडतं. दुकानदार म्हणतो, स्कोपला बबल लेव्हल (बुडबुड्याची छोटी पाणसळ) लावा, सगळं ठीक होईल. खरंच फरक पडतो का, की आणखी एक खेळणं गळ्यात मारतोय?”

फरक पडतो, आणि तुमच्या वर्णनावरून अडचण रायफल बाजूला कलण्याचीच दिसते. तरीही लेव्हल घ्यायची घाई करू नका. लेव्हल बिचारी फक्त साक्षीदार. वाकडी बसवली तर रोज ठामपणे खोटी साक्ष देते आणि आपण मान डोलावत राहतो. मी स्वतः यात एक अख्खा महिना घालवला आहे, ते पुढे येईलच.

रायफल खांद्यात घेतल्यावर ती डावी-उजवीकडे किंचित कलंडते, याला रेंजवर सगळे ‘कँट’ म्हणतात; मी सरळ कल म्हणते. या कलाने पेलेट बाजूला का जाते हे एकदा नीट डोक्यात बसलं की लेव्हल कुठे लावायची, कशी लावायची, लावायची की नाही, हे सगळं आपोआप कळतं. त्यामुळे तिथेच थोडा वेळ थांबू.

पेलेट बॅरलमधून सुटली की त्याच क्षणी खाली यायला लागते. म्हणून बॅरलचं तोंड नेमाच्या जरा वर रोखलेलं असतं. स्कोपची रेषा आणि बॅरलची रेषा समांतर नसतात. ८.४ ग्रेनची (साधारण अर्ध्या ग्रॅमची) पेलेट सेकंदाला २४० मीटरच्या आसपास निघत असेल, तर ५० मीटरपर्यंत ती बॅरलच्या रेषेपासून साधारण २६ सेंटिमीटर खाली येते. म्हणजे तुम्ही ५० मीटरवरच्या ठिपक्यावर क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) ठेवता तेव्हा तुमचं बॅरल त्या ठिपक्याच्या २६ सेंटिमीटर वर बघत असतं.

आता तो ठिपका घड्याळाचा मध्य समजा आणि बॅरल जिथे बघतंय ती जागा म्हणजे बारावर उभ्या असलेल्या काट्याचं टोक. काट्याची लांबी २६ सेंटिमीटर. रायफल उजवीकडे कलली की क्रॉसहेअर ठिपक्यावरच राहतो, कारण तुम्ही तो धरून ठेवलाय, पण काटा बारावरून एककडे झुकतो. गुरुत्वाकर्षणाला तुमच्या कलाशी काही देणंघेणं नाही. ते पेलेटला त्या नव्या जागेवरून सरळ खाली २६ सेंटिमीटर आणतं. पेलेट पडते ठिपक्याच्या उजवीकडे, आणि अगदी किंचित खाली. उजवा कल तर उजवीकडे, डावा कल तर डावीकडे. मिनिटकाटा एक मिनिट सरकतो तेव्हा तो ६ अंश फिरलेला असतो. त्यावरून एक-दोन अंशांचा कल डोळ्याने पकडणं किती अवघड आहे याचा अंदाज येईल.

किती सरकणार हे काट्याच्या लांबीवर. एका अंशाला लांबीच्या पावणेदोन टक्के धरा. दहा मीटरच्या मॅच रायफलमध्ये काटा जेमतेम १.७ सेंटिमीटरचा, म्हणून एका अंशाला ०.३ मिलिमीटर. काडतुसाच्या .२२ रायफलने ५० मीटरला काटा १२ सेंटिमीटरचा, अंशाला २ मिलिमीटर. तुमच्या पीसीपीला ५० मीटरवर अंशाला साडेचार मिलिमीटर. आणि .३०८ ची मोठी काडतुसाची रायफल घेऊन कोणी १००० यार्डावर मारत असेल, तर काटा दहा मीटरच्या घरात जातो आणि एक अंश म्हणजे १७-१८ सेंटिमीटर. लोकांना वाटतं लेव्हल हे लांब पल्ल्याच्या मोठ्या रायफलींचं प्रकरण. पण तुमची हलकी, हळू जाणारी पेलेट ५० मीटरला .२२ च्या दुप्पट खाली येते, म्हणजे त्याच कलाला शिक्षाही दुप्पट.

ही कल्पना नवीन नाही, हे जाता जाता सांगते. १८७४ साली न्यू यॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर अमेरिका आणि आयर्लंडचा सामना झाला होता, ८००, ९०० आणि १००० यार्डांवर. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१; अवघ्या तीन गुणांनी निकाल. त्या काळातल्या लांब पल्ल्याच्या रायफलींच्या फोरसाइटवर (बॅरलच्या टोकाकडच्या नेमखुणेवर) इवलीशी स्पिरिट लेव्हल बसवलेली असायची. काळ्या दारूवर चालणारी ती जड, संथ गोळी १००० यार्डांत तीस मीटरहून जास्त खाली यायची. एका अंशाला अर्धा मीटर! त्यांना लेव्हलशिवाय गत्यंतरच नव्हतं.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि रेंजवर तो मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच: मॅचमधले मोठे नेमबाज तर रायफल सरळ सरळ कलती धरतात, त्यांचं कसं चालतं? चालतं, कारण त्यांचं अंतर बदलत नाही. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. त्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं असतं, पण टार्गेट तिन्ही वेळा ५० मीटरवरच. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद जिंकलं तेही ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात. या प्रकारांत स्कोप नसतो, पीप असतो, म्हणजे बघायचं बारीक भोक. उभं राहून मारताना मान वाकवण्यापेक्षा रायफल थोडी आत, डोक्याकडे कलवली की पीप डोळ्यासमोर येतो, म्हणून कित्येक जण मुद्दाम कल ठेवतात. एकाच अंतरावर, प्रत्येक शॉटला तेवढाच कल असेल तर त्याची भरपाई दोन-चार क्लिकमध्ये होऊन जाते. तिथे पाप एकच: कल शॉटगणिक बदलणं. ५० मीटरच्या टार्गेटवर एक गुण म्हणजे ८ मिलिमीटर. कल तीन अंशांनी बदलला की ६ मिलिमीटरहून जास्त गेले, म्हणजे दशांश गुणांत आठ. दहा मीटरला तेवढ्याच कलाने तीन-चार दशांश. ऐकायला किरकोळ, पण साठ शॉटच्या क्वालिफिकेशनमध्ये तेवढ्यावर माणसं फायनलबाहेर राहतात.

तुमचं दुखणं वेगळं आहे. तुम्ही अंतर बदलताय.

२५ मीटरला तुमचा काटा साधारण ६ सेंटिमीटरचा. कलामुळे ग्रुप थोडा उजवीकडे गेला असणार, आणि झिरो करताना तुम्ही नकळत डावीकडे क्लिक देऊन तो मध्यावर आणलात. ती दुरुस्ती ५० मीटरला दुप्पट होते, म्हणजे ती १२ सेंटिमीटर लांबीच्या काट्याची चूक झाकू शकते. पण काटा दुप्पट झालेला नसतो. पेलेट जितका जास्त वेळ हवेत, तितकी ती वेगाने खाली येत जाते, आणि वाटेत तिचा पुढचा वेगही मंदावतो. म्हणून अंतर दुप्पट झालं तरी काटा ६ चा २६ होतो. न झाकलेले राहिले १४ सेंटिमीटर. त्यांच्यावर ४ अंशांचा कल म्हणजे १० मिलिमीटर, तुमचा तो सेंटिमीटर. म्हणूनच ५० ला सुधारलं की २५ ला बिघडतं. विंडेज (डाव्या-उजव्या) क्लिकने हे कधीच सुटणार नाही.

चार अंश ऐकून दचकू नका. स्कोप नुसत्या नजरेने बसवणाऱ्यांत हा आकडा मी बऱ्याचदा पाहिलाय. २४ पट मोठं दिसणाऱ्या त्या गोल भिंगात ना क्षितिज दिसतं ना रेंजचे खांब. दिसतो फक्त कागदाचा तुकडा, आणि तोही बहुतेक वेळा वाकडाच चिकटवलेला असतो.

आता माझी फजिती. मी मुळात पीपवाली. स्कोप हाती आला तो पुष्कळ उशिरा, मुलांना फील्डमध्ये पीसीपी शिकवायची वेळ आली तेव्हा. रायफलच्या ॲक्शनवरच्या (पेलेट भरायच्या यंत्रणेवरच्या) सपाट भागावर एक छोटी पाणसळ ठेवली, स्कोपच्या वरच्या टरेटच्या टोपीवर दुसरी, दोन्ही बुडबुडे मध्यावर आणले, स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या रिंगचे स्क्रू आवळले आणि मोठ्या समाधानाने वर एक बबल लेव्हलही लावली. ४५-५० मीटरला ग्रुप डावीकडे. मी पेलेटला दोष दिला. तीन वेगवेगळे डबे आणले, वजनकाट्यावर तोलून वेगळे केले, धुतले, पुसले. बॅरल साफ केलं. एका मुलाच्या ट्रिगर दाबण्यावरही उगाच ओरडले, त्याची माफी मागायची राहिलीच. शेवटी कंटाळून गच्चीवरून कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा आणला, त्याला जुनं कुलूप बांधून रेंजच्या टोकाला लटकवलं आणि स्कोपमधून बघितलं. उभी रेघ दोरीला वरच्या टोकाला चिकटलेली आणि खालच्या टोकाला चांगली दोन बोटं लांब. टरेटची टोपी आतल्या रेटिकलशी (क्रॉसहेअरच्या रेघांशी) काटकोनात नव्हतीच. टोपी म्हणजे नुसतं झाकण. ते सपाट आहे म्हणून आतलं सरळ आहे असं कोणी सांगितलं होतं?

म्हणून माझा क्रम असा: आधी पृथ्वी, मग रेटिकल, मग बुडबुडा, आणि रायफलचं अंग सगळ्यात शेवटी. पृथ्वी म्हणजे ओळंबा. गवंड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोरी आणि कुलूप.

तुमच्यासाठी पहिली चाचणी, लेव्हल न घेता करायची. २५ मीटरला उंच कोरा कागद लावा, निदान दोन फुटी, मागे तेवढंच उंच बॅकस्टॉप (पेलेट अडवणारा आडोसा) हवं. खालच्या बाजूला एक ठिपका, बाकी काही नाही. रेघ मारू नका, नाहीतर तुम्ही नकळत तिच्याशी जुळवून घ्याल. सँडबॅगवरून, रोज जसं धरता तसंच धरून, ठिपक्यावर पाच पेलेट. मग टरेटवर ८ मिल (मिल हे कोनाचं माप, २५ मीटरला अडीच सेंटिमीटर) वाढवा, म्हणजे ०.१ मिलचे ८० क्लिक. एमओए या दुसऱ्या मापाचा, क्लिकला पाव एमओए सरकणारा स्कोप असेल तर ११० क्लिक. नेम त्याच ठिपक्यावर ठेवून आणखी पाच. दुसरा ग्रुप २० सेंटिमीटर वर लागायला हवा. कागद न हलवता खालच्या ग्रुपच्या मध्यावरून जाईल असा ओळंबा वरून सोडा, आणि वरच्या ग्रुपचा मध्य दोरीपासून किती लांब आहे ते मोजा. २० सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे साडेतीन मिलिमीटर. १४ मिलिमीटर निघाले तर तुमचे चार अंश हेच. एकेका भोकावरून निष्कर्ष काढू नका, पाचांचा मध्य घ्या. जाता जाता हेही कळेल की ८० क्लिक खरोखर २० सेंटिमीटर सरकवतात की १८. स्वस्त स्कोपमध्ये ही भानगड वेगळीच असते.

मग कागद बदला. या वेळी ओळंब्याच्या आधाराने त्यावर ठळक उभी रेघ मारून घ्या, स्कोपची उभी रेघ तिच्यावर नेमकी बसवा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. आता ग्रुप रेघेवर सरळ वर चढला, तर स्कोप ठणठणीत आहे. वाकडं तुमचं धरणं किंवा बसवणं. एवढं करूनही ग्रुप बाजूला गेला, तर स्कोपच्या आतच रेटिकल आणि टरेटची चाल एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी क्लिक देऊन मारणाऱ्याने टरेटची चाल सरळ करावी आणि रेटिकल किंचित वाकडं दिसलं तरी चालवून घ्यावं. क्लिक न देता रेटिकलवरच्या खालच्या खुणांनी मारणाऱ्याने उलट, रेटिकल सरळ करावं. दोन्ही एकदम साधणार नाही; फरक अंशाहून जास्त असेल आणि स्कोप वॉरंटीत असेल तर परत करा.

अजूनही खात्री पटत नसेल तर ५० मीटरला, वारा नसताना, मुद्दाम १० अंश उजवीकडे कलवून पाच आणि डावीकडे कलवून पाच मारा. दोन ग्रुप एकमेकांपासून नऊ सेंटिमीटर लांब पडतील आणि दोन्ही फक्त चारेक मिलिमीटर खाली. माझ्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला मी हे एकदा करायला लावते. आणि यातून एक ओळखही मिळते: कल ग्रुपला आडवं पसरवतो, उभं नाही. ग्रुप उभा पसरत असेल तर वेग कमी-जास्त होतोय, सिलिंडरचं प्रेशर बघा, श्वास बघा. तिथे लेव्हलचा काही उपयोग नाही. गालाची जागा बदलल्याने येणारी पॅरॅलॅक्सची (डोळा हलला की नेम हललेला दिसण्याची) चूकही लेव्हल दाखवत नाही, आणि ट्रिगरला दिलेला झटका तर नाहीच नाही.

चाचणीत कल निघाला असं धरून चालू. रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, बॅरलमध्ये पेलेट नाही याची खात्री करा. २०-२५ मीटरवर, वाऱ्यापासून आडोशाला ओळंबा टांगा. वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं की दोरी झुलत नाही. रायफल सँडबॅगमध्ये घट्ट रुतवा, रिंगचे स्क्रू स्कोप जेमतेम फिरेल इतके सैल करा, आणि उभी रेघ दोरीवर वरपासून खालपर्यंत बसेपर्यंत स्कोप फिरवा. मग स्क्रू आवळताना एका बाजूचा पूर्ण आणि मग दुसऱ्या बाजूचा असं करू नका, रेटिकल हमखास फिरतं. समोरासमोरचे थोडे थोडे, रिंगच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. आवळण्याचा जोर रिंग बनवणाऱ्याने सांगितला असेल तितकाच, बहुतेक रिंगांना २ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतो. प्रत्येक फेरीनंतर दोरीकडे पुन्हा बघा. कंटाळवाणं काम आहे, अर्धा तास जातो.

इथे बहुतेक जण विचारतात, की रायफलचं काय, ती ‘सरळ’ कशी करायची? तर त्याची फार चिंता करू नका. रेटिकल ओळंब्यात आहे आणि बॅरल स्कोपच्या बरोबर खाली नसून तीन अंश बाजूला आहे असं समजा. स्कोप बॅरलपासून ५ सेंटिमीटर उंच असेल तर बॅरल बाजूला सरकलं अडीच मिलिमीटर. २५ ला झिरो असेल तर ५० ला चूक तेवढीच, अडीच मिलिमीटर. रेटिकल तीन अंश कललं तर कितीतरी जास्त जातं. म्हणून ज्यांच्या खांद्यात रायफल मुळातच दोन-तीन अंश कलते त्यांना मी सांगते, तशीच धरा, आणि तुमच्या त्या धरण्यात रेटिकल ओळंब्यात येईल असा स्कोप फिरवून बसवा. कोणाकोणाला हे बघायला विचित्र वाटतं, दुकानात तर हसतातच. पण शरीराशी रोज कुस्ती खेळण्यापेक्षा अडीच मिलिमीटर स्वस्त.

आता कुठे लेव्हलची पाळी. स्कोपच्या नळीवर कड्यासारखी बसणारी घ्या. रेलवर बसणाऱ्याही मिळतात, पण त्या रायफलशी बांधलेल्या असतात, आणि आपल्याला साक्ष हवी आहे रेटिकलची. उद्या रिंग ढिली होऊन स्कोप फिरला, तरी रेलवरची लेव्हल ‘सगळं आलबेल’ म्हणत राहील. नळीचं माप बघून घ्या, २५.४ की ३० मिलिमीटर. तुमचा ६-२४ बहुधा यांपैकी एक असणार. घेताना तिची एक परीक्षा करा, जी मी आमच्या इमारतीत प्लास्टर करणाऱ्या गवंड्याला त्याच्या लेव्हलवर करताना पाहिली. ती एखाद्या सरळ पट्टीवर ठेवा, बुडबुडा कुठे आहे बघा, मग तिथेच उलटी फिरवून ठेवा, डावं टोक उजवीकडे. बुडबुडा दोन्ही वेळा तुमच्या दृष्टीने त्याच बाजूला तितकाच सरकला असेल तर दोष पट्टीचा. फिरवल्यावर तोही दुसऱ्या बाजूला गेला तर दोष लेव्हलचा, ठेवून द्या.

ती किती तरतरीत आहे तेही बघा. एक मीटर लांब ॲल्युमिनियमची पट्टी सपाट करून तिच्यावर लेव्हल चिकटवा आणि पट्टीचं एक टोक १७.५ मिलिमीटर उचला, हा झाला एक अंश. तेवढ्यात बुडबुडा स्पष्ट हलून खुणेला टेकला तर लेव्हल कामाची. जागचा हललाच नाही तर ती शोभेची. फार नाजूक असेल, जरासा श्वास घेतला की एका टोकाला पळत असेल, तर सँडबॅगवरून मारणाऱ्याला चालेल पण उभं राहून मारणाऱ्याला वेड लावेल. काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात, आणि या परीक्षेत स्वस्त पास आणि महाग नापास असं मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. मोबाइलमधलं लेव्हल ॲप मात्र यासाठी वापरू नका. कव्हर, बटणं आणि कॅमेऱ्याचा उंचवटा यांच्यामुळे फोनची कड सरळ टेकतच नाही.

बसवताना रेटिकल पुन्हा ओळंब्यावर आणा, रायफल तशीच रुतलेली असू द्या, आणि मग बुडबुडा मध्यावर येईल तिथे कडं आवळा. बस्स, एवढंच. जुळवायचंय ते दोरी आणि बुडबुडा. ॲक्शनकडे, टरेटच्या टोपीकडे बघायचंच नाही. आवळल्यावर परत एकदा दोरी बघा, कडं आवळताना तेही फिरतं. नळी पातळ असते, त्यामुळे जोर लावू नका, चेपली तर स्कोप गेला. बोल्टचा दांडा आणि पॅरॅलॅक्सची चकती मोकळी राहतील अशी जागा निवडा. उजव्या डोळ्याने मारणाऱ्याला, दोन्ही डोळे उघडे ठेवत असेल तर, डाव्या बाजूला बाहेर आलेली लेव्हल सोयीची; डोकं न उचलता डावा डोळा तिच्यावर जातो. डोकं उचलावं लागलं की गालाची बैठक मोडली. बुडबुड्याकडे तिरकं बघितलं तर तो खुणेच्या बाजूला दिसतो, तेव्हा बसवताना ज्या जागेवरून बघितलं तिथूनच नेहमी बघा.

वापरताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेवटच्या क्षणी बघणं. ट्रिगरवर दाब सुरू झालाय आणि डोळा बुडबुड्याकडे गेला, की क्रॉसहेअर सुटला. आधी रायफल ठेवायची, शरीर सैल, नैसर्गिक नेम लागतोय का बघायचं, मग लेव्हल, मग श्वास, मग क्रॉसहेअर, आणि त्यानंतर लेव्हलकडे ढुंकूनही नाही. मधे काही हललं तर सोडून द्या आणि पहिल्यापासून. उताराच्या जमिनीवर ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते. डोंगराच्या कुशीतल्या रेंजवर समोरची उताराची रेघच डोळ्याला आडवी वाटू लागते, आणि अनुभवी माणूसही दोन-तीन अंश फसतो. बुडबुडा वेगळं सांगतोय आणि तुमचं मन वेगळं, अशी पाळी आली तर मनाचं ऐकू नका. सुरुवातीला फार अवघड जातं ते.

आणि एक: दहा वेळा रायफल खांद्यात घेतली आणि दहाही वेळा बुडबुडा एकाच बाजूला गेला, तर प्रत्येक वेळी मनगटाने रायफल पिळून तो मध्यावर आणत बसू नका. पिळलेलं मनगट ट्रिगर सुटताना मोकळं होतं आणि रायफल नेमक्या त्याच वेळी फिरते. बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) थोडी फिरवा, चीकपीस (गालाचा आधार) वर-खाली करून बघा, नाहीतर वर सांगितलं तसं स्कोपच तुमच्या धरण्याला जुळवा. माझ्या विद्यार्थ्यांना मी लेव्हल लावून देते, आणि बऱ्याच जणांना चार-सहा महिन्यांनी तिची गरज सपाटीवर उरत नाही. अंगाला सवय झालेली असते. काढून टाकतात असं नाही, पण बघतात ते पहिल्या शॉटला आणि मधे एखाद्या वेळी.

उन्हाळ्याचं एक सांगते, कारण दर एप्रिलला विदर्भातून कोणी ना कोणी विचारतंच की लेव्हल खराब झाली का, बुडबुडा बारीक झालाय. खराब नाही झाली. उष्णतेने आतलं द्रव फुगतं आणि बुडबुडा आक्रसतो. थंडीत पहाटे तोच मोठा दिसतो. दोन्ही खुणांपासून सारखा लांब आहे ना, एवढंच बघायचं. मात्र गाडीच्या बंद डिकीत, भर दुपारी, स्कोप आणि लेव्हल ठेवू नका.

तेव्हा या आठवड्यात लेव्हल नको. कोरा कागद, ठिपका, ८० क्लिक आणि कुलूप बांधलेली दोरी, एवढं करा. वरचा ग्रुप दोरीपासून किती मिलिमीटर आणि कोणत्या बाजूला, आणि रेघेवाल्या दुसऱ्या कागदावर किती, हे दोन आकडे कळवा. पहिला मोठा आणि दुसरा शून्याजवळ आला, तर रिंगचे स्क्रू सोडून स्कोप फिरवायचा आणि मग लेव्हल घ्यायची. दोन्ही मोठे आले, तर दुकानात लेव्हल आणायला नाही, स्कोप परत करायला जावं लागेल.